टाळेबंदीतील बालकांच्या दुखापती : नोंदीच्या भाषेचा प्रश्न

करोनाच्या साथीमुळे २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि २५ मार्चपासून देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. अन्य अनेक देशांतही त्याच सुमारास मुले घरात कोंडली गेली. त्या काळातील बालकांच्या दुखापतींविषयी जे लिहिले गेले त्याचा सारांश बहुधा एकाच वाक्यात दिला जातो : ‘घरातील दुखापती वाढल्या.’ या वाक्यातील क्रियापद तपासून घ्यावयास हवे.

दुखापतीसाठी रुग्णालयात येणाऱ्या मुलांची एकूण संख्या आरंभीच्या आठवड्यांत बहुतेक ठिकाणी घटली होती. रस्ते ओस पडले होते, मैदाने बंद होती आणि रुग्णालयाची भीतीही होती. समजा, एरवी १०० मुले येत व त्यांतील ४० घरी जखमी झालेली असत. पुढे ५० च आली व त्यांतील ३५ घरची होती. प्रमाण ४० टक्क्यांवरून ७० वर गेले, संख्या मात्र कमी झाली. ‘वाढल्या’ हा शब्द या दोन्ही गोष्टी एकाच वेळी झाकतो.

काही बाबतींत मात्र वाढ खरीच होती. अमेरिकेतील विषबाधा-केंद्रांकडे स्वच्छता-द्रव्ये व जंतुनाशके यांच्या बाधेसंबंधी २०२० च्या पहिल्या तिमाहीत ४५,५५० दूरध्वनी आले; आदल्या वर्षी त्याच काळात ते ३७,८२२ होते. त्यांत पाच वर्षांपर्यंतच्या बालकांचा वाटा मोठा होता. कारण उघड आहे : ही द्रव्ये फडताळातून निघून मुलांच्या हाताशी आली. यवतमाळ जिल्ह्यात ३१ जानेवारी २०२१ रोजी १२ बालकांना पोलिओच्या डोसाऐवजी सॅनिटायझर पाजले गेले, तेही त्याच्या या सर्वत्र वावरामुळेच शक्य झाले. सुदैवाने ती मुले बचावली.

आता भाषेकडे वळू. दुखापतीची पहिली नोंद केसपेपरवर होते आणि ती आईबापांच्या तोंडच्या वाक्यावरून होते. मराठीत ही वाक्ये बहुधा कर्त्यावाचून असतात : ‘त्याला लागले’, ‘हात भाजला’, ‘चहा सांडला’, ‘बाळ पडले’. यात लपवाछपवी असतेच असे नाही. तो भाषेचा स्वभाव आहे. परंतु ‘पडले’ आणि ‘पाडले’ यांत एका स्वराचा फरक असला, तरी रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत पहिल्याची गणना अपघाती पतनात होते, तर दुसऱ्यामागे हेतू असल्यास ती मारहाणीत होते. त्याच वर्गीकरणात खाटेवरून, जिन्यावरून, झाडावरून पडणे यांना निरनिराळे सांकेतांक आहेत. इतकेच नव्हे, तर दुसऱ्याने उचलून घेतले असता पडणे यालाही स्वतंत्र स्थान आहे. ‘कडेवरून पडले’ ही आपली बोली तेवढे नेमके सांगू शकते. केसपेपरवर मात्र पुष्कळदा ‘पडून मार’ एवढेच उतरते आणि बाळ कोणाच्या कडेवर होते, ती व्यक्ती मोठी होती की सात वर्षांची बहीण, हे कायमचे हरवते.

‘अपघात’ या शब्दाचेही असेच आहे. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २००१ साली त्याच्या इंग्रजी प्रतिशब्दाचा वापर आपल्या पृष्ठांतून वर्ज्य ठरविला; बहुतेक दुखापती पूर्वी ओळखता व टाळता येण्याजोग्या असतात, हे त्यामागील कारण. तो निर्णय मला किंचित आततायी वाटतो, कारण शब्द गेल्याने वृत्ती जात नाही. तथापि ‘दुखापत’ लिहिले की ‘कशाने?’ हा प्रश्न उरतो, आणि ‘अपघात’ लिहिले की तो मिटल्यासारखा वाटतो, हे खरे.

टाळेबंदीत हा प्रश्न विचारणारी माणसेही कमी झाली होती. एरवी दंडावरचा वळ शाळेतील बाईंच्या नजरेस पडतो आणि त्या मुलाला बाजूला घेऊन विचारतात. अमेरिकेत बालछळाच्या संशयाची सूचना देणाऱ्यांत शिक्षकांचा वाटा मोठा असतो; शाळा बंद होताच तेथे अशा सूचना घटल्या. छळ घटला, असे त्यावरून म्हणता येत नाही. त्या महिन्यांच्या नोंदी वाचणाऱ्यास ‘खेळताना पडला’ हे वाक्य वारंवार भेटेल. ते कोणी उच्चारले, मुलाने की त्याच्यासोबत आलेल्या मोठ्या माणसाने, हे त्या कागदावरून कळत नाही.