परगावच्या मास्तरांचे सुख

गोव्यात 'परदेश' हा शब्द उच्चारला की आज आखात, पोर्तुगाल किंवा इंग्लंड डोळ्यांसमोर येते. आपल्या आजोबांच्या पिढीला मात्र परदेशी जाण्यासाठी इतका लांबचा प्रवास करावा लागत नसे. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत सह्याद्रीचा घाट चढला की राज्यकर्ते बदलत. मडगावहून निघालेली आगगाडी कुळे येथे थांबे आणि तेथे पोर्तुगीज जकातीचे सोपस्कार होत. दूधसागर मागे टाकून गाडी कॅसलरॉकला पोहोचली की पलीकडच्या सरकारची तपासणी. पुढे लोंढा आणि मग बेळगाव. १९५५ मध्ये भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि ही वाहतूकही थांबली.

तरीही गोमंतकीय तरुण बेळगावकडे ओढला जाई, त्याला कारण होते. पणजीत वैद्यकीय विद्यालय १८४२ पासून होते. परंतु कला आणि विज्ञान शाखेचे महाविद्यालय गोव्याला मिळाले ते मुक्तीनंतर, १९६२ मध्ये. बेळगावात लिंगराज महाविद्यालय १९३३ मध्ये, तर राणी पार्वतीदेवी महाविद्यालय १९४५ मध्ये सुरू झाले होते. विद्यार्थी कोठून कोठे गेले, हा इतिहास आपल्याकडे बऱ्यापैकी सांगितला जातो. त्याच वाटेने शिक्षकही येत-जात राहिले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. परक्या गावी खोली घेऊन राहणारा आणि तेथेच शिकवणारा माणूस कोणत्या सुखावर दिवस काढतो, हा या लेखाचा विषय आहे.

एका गावाचे दोन खडेबाजार

खडेबाजार हे नाव बेळगावात दोन ठिकाणी आढळते. एक खडेबाजार मूळ शहरात, गणपत गल्ली आणि मारुती गल्लीच्या शेजारचा. दुसरा शहापुरात, विणकरांच्या आणि साड्यांच्या पेठेचा. आज रिक्षाने काही मिनिटांत एका बाजारातून दुसऱ्यात जाता येते. १९४८ पर्यंत मात्र शहापूर सांगली संस्थानात होते आणि बेळगाव मुंबई प्रांतात. साडी घेण्यासाठी निघालेली बाई नकळत एक राज्य ओलांडून दुसऱ्यात जात असे. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले आणि २०१४ मध्ये त्याचे अधिकृत नाव बेळगावी झाले. सरकारे बदलली, पाट्यांवरची अक्षरे बदलली. बाजारात उभा असलेला माणूस मात्र समोरच्याला कळेल ती भाषा बोलत आला.

अशा गावात बाहेरून आलेला शिक्षक पूर्ण परका राहत नाही आणि पूर्ण घरचाही होत नाही. त्याच्या सुखाचा उगम या मधल्या अवस्थेतच आहे.

ओळख मुलांच्या पायांनी चालते

वृत्तपत्रात येण्यापूर्वी मी एक शैक्षणिक वर्ष बेळगावात एका खासगी शिकवणीवर्गात मराठी शिकवले. खडेबाजाराच्या मागच्या बाजूला एका आजींच्या घरी वरची खोली भाड्याने घेतली होती. पहिल्या आठवड्यात मला कोणी ओळखत नव्हते. दुसऱ्या आठवड्यात भांड्यांच्या दुकानात पातेल्याचा भाव विचारला, तेव्हा गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "टीचर ना तुम्ही? आमचा पोरगा तुमच्याकडेच येतो." पातेल्याचा भाव काही उतरला नाही, परंतु बसायला स्टूल आले.

नव्या गावात व्यापाऱ्याला, कारकुनाला किंवा अभियंत्याला आपली ओळख स्वतः करून घ्यावी लागते. शिक्षकाची ओळख मुले दप्तरातून घरी नेतात. चाळीस मुलांचा वर्ग म्हणजे चाळीस घरे, आणि लहान गावात ही चाळीस घरे त्याच एका बाजारात येतात. मुंबई-पुण्यात शिक्षक शाळा सुटली की गर्दीत मिसळून जातो. येथे तो संध्याकाळी भाजी घेतानाही शिक्षकच असतो. वर्गात नीट न समजलेली समासाची गोष्ट मला एका विद्यार्थिनीने मेथीच्या जुडीपाशी विचारली होती. तिची आई पिशवी धरून शांतपणे ऐकत उभी राहिली.

या ओळखीची दुसरी बाजूही लपवू नये. एकट्या राहणाऱ्या बाईला ती काच होऊ शकते. रात्री खोलीतला दिवा कितीला विझला, रविवारी कोण भेटायला आले, हेही गावाला ठाऊक असते. पहिले तीन महिने मला या नजरांचा राग येई. एकदा तापाने दोन दिवस अंथरुणात पडून राहिले, तेव्हा याच नजरांमुळे आजी जिना चढून वर आल्या. "बाजारात दिसली नाही म्हणाले सगळे," एवढेच बोलून त्यांनी भाताची पेज पुढे ठेवली. त्यानंतर राग अगदी गेला असे नाही, पण त्याची धार कमी झाली.

अर्धी कळणारी भाषा

परगावी राहण्याचे दुसरे सुख कानाचे आहे. बेळगावची मराठी आपल्याला कळते, पण तिचा हेल कानडी वळणाचा आहे. शेजारी कानडीही सतत ऐकू येते, आणि तिच्यातला आदरार्थी 'री' पहिल्यांदा कानात रुजतो. उत्तर कर्नाटकात शिक्षिकेला मुले 'अक्कोर' म्हणतात, हे मला वर्गाबाहेर खेळणाऱ्या पोरांकडून समजले. दुकानांच्या पाट्या मी वर्षभर कोडी सोडवावीत तशा वाचत असे. औषधाच्या दुकानावरचा पूर्ण शब्द ज्या दिवशी कोणाच्या मदतीविना लागला, त्या दिवसाचा आनंद पगाराच्या दिवसापेक्षा मोठा होता. अर्थात पगारही वेळेवर होत नव्हता, हेही सांगितले पाहिजे.

एक साम्य मला तेथे उमगले. निघताना मराठी माणूस 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो. कानडी माणूस 'होगि बर्तीनि' म्हणतो, म्हणजे 'जाऊन येतो'. आपल्या कोंकणीतही उंबऱ्यावरून 'येतां' म्हणूनच निरोप घेतात. या तिन्ही भाषांवरून किती वाद झाले, हे सीमाभागातील आणि गोव्यातील वाचकांना सांगायला नको. निरोप घेण्याची रीत तिघींनी एकच ठेवली आहे, हे परक्या गावी राहिल्यावरच माझ्या ध्यानात आले.

या अर्ध्या कळणाऱ्या भाषेने साहित्यालाही पुष्कळ दिले आहे. मुंबईत वाढलेले पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापक होते. त्यांच्या 'रावसाहेब' या व्यक्तिचित्राचा नायक याच गावचा आहे आणि त्याच्या मराठीतला कानडी हेल वाचकाला पानावरही ऐकू येतो. केवळ पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला असा हेल टिपता येत नाही. त्यासाठी गावात राहून रोज तो कानावर पडू द्यावा लागतो. बेळगावात शिकलेले जी. ए. कुलकर्णी सुमारे तीन दशके धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवत राहिले. भोवती कानडी, वर्गात इंग्रजी आणि रात्रीच्या टेबलावर मराठी कथा, असा त्यांचा दिनक्रम होता. याच्या उलट दिशेचे उदाहरण द. रा. बेंद्रे यांचे आहे. घरी मराठी बोलणारा हा कन्नडचा श्रेष्ठ कवी १९४४ ते १९५६ या काळात मराठी सोलापुरातील महाविद्यालयात कन्नड शिकवत होता. सीमेच्या दोन्ही बाजूंना असे शिक्षक होऊन गेले आहेत.

चवीची देवाणघेवाण

तिसरे सुख जिभेचे. आपल्या बाजारातील फ्लॉवर, गाजर, मिरची यांतील मोठा वाटा बेळगावहून घाट उतरून येतो. ती भाजी पहाटे ट्रकमध्ये चढण्यापूर्वी पाहिली, तेव्हा आपले रोजचे जेवण कोठून निघते हे मला उमजले. दूध आणि साखर आटवून तपकिरी, रवाळ होईपर्यंत परतलेला कुंदा मी प्रत्येक पगाराला पावशेर घेत असे. उणीव भासे ती मासळीची. गोव्याहून चढून आलेले बांगडे बाजारात मिळत, पण घरच्या कालवणाची चव त्यांना येत नसे. शेवटी आजींनी सोलकढी शिकवण्याच्या बदल्यात मला मांडे करून दाखवण्याचे कबूल केले. त्यांची सोलकढी उत्तम झाली. माझा मांडा हातावरच फाटला.

आपल्या गावात आलेले मास्तर

हे सारे लिहिताना एक प्रश्न मनात राहतो. बेळगावाने मला स्टूल दिले, पेज दिली. आपण आपल्याकडे आलेल्या मास्तरांना काय दिले?

मुक्तीनंतर, विशेषतः १९६३ मध्ये भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाल्यावर, गोव्याच्या खेड्याखेड्यांत सरकारी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. इतके शिक्षक एकाएकी गोव्यात मिळणे शक्य नव्हते. सिंधुदुर्ग, कोल्हापूर, बेळगाव या भागांतून तरुण मास्तर आणि बाई आल्या. कोणाला देवळाच्या अग्रशाळेत जागा मिळाली, कोणी एखाद्या घराच्या पडवीत बिऱ्हाड केले. जोंधळ्याच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाने उकड्या तांदळाची पेज आपलीशी केली. पावसाळ्यात तरीतून ओहोळ ओलांडला, जत्रेच्या नाटकात भूमिका केली, गावातल्या लोकांची पत्रे वाचून दाखवली. त्यांतील अनेक जण येथेच स्थायिक झाले. त्यांची नातवंडे आज गोमंतकीय आहेत.

ही साखळी आता सैल होत आहे. रस्ते सुधारले, दुचाकी आल्या, त्यामुळे शिक्षकाला शाळेच्या गावी राहण्याची गरज उरली नाही. सकाळी येणे आणि दुपारी परतणे सोपे झाले. कंत्राटी नेमणुकीवरील शिक्षकाला पुढच्या जूनमध्ये आपण येथे असू की नाही हे ठाऊक नसते, मग तो खोली कशाच्या भरवशावर घेणार? यात त्याचा दोष नाही. मात्र बाजारातली भेट, दुकानातली विचारपूस आणि आजारपणातली पेज यांपैकी काहीच त्याच्या वाट्याला येत नाही. गावालाही संध्याकाळी दिसणारा, पालकांना सहज गाठता येणारा मास्तर मिळत नाही. शिकवण्याचे काम घड्याळाच्या तासांत मोजता येते. शिक्षकाच्या समाधानाचा मोठा भाग मात्र त्या तासांच्या बाहेर, तो जेथे राहतो तेथे तयार होत असतो.

म्हणून शिक्षकांच्या बदल्या आणि नेमणुकांचा विचार करताना निवाऱ्याचाही विचार व्हावा. शाळेजवळ परवडणारी एक खोली आणि निदान तीन-चार वर्षांची निश्चिती, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडेल. उरलेले काम गाव करते. ते शासनाच्या परिपत्रकाने होत नाही, त्याला शेजार लागतो.

वर्ष संपल्यावर मी खोलीची किल्ली परत केली, तेव्हा आजी जिन्याच्या तळाशी उभ्या होत्या. मी सवयीने म्हणाले, "येते हं." त्या म्हणाल्या, "ये की." पुढे चोर्ल्याच्या घाटात गाडी धुक्यात शिरली, तरी ते दोन शब्द माझ्या कानात होते. त्यानंतर मी दोनदा जाऊन आले. भांड्यांच्या दुकानातले स्टूल दोन्ही वेळा मिळाले.