प्रयोगशाळेतले डॉक्टर – लेखांक ६ : डॉ. खानोलकर आणि तंबाखूचा बार

मागच्या लेखांकात आपण हाफकिनपाशी थांबलो होतो. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका बोळवजा जागेत त्याने प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. हाफकिन बाहेरून आलेला होता आणि साथीसाठी आला होता. आज ज्यांच्याविषयी लिहायचं आहे ते मेडिकल कॉलेजातच मास्तर होते, आणि त्यांनी अभ्यासलेला रोग साथीसारखा एकदम येत नाही. तो वीस-पंचवीस वर्षं तोंडात घर करतो.

आधी या मास्तरांचं काम काय असतं ते पाहू. एखाद्या ऊसतोड मजुराच्या गालात आतून जखम झाली, महिना झाला तरी भरेना, म्हणून घरच्यांनी त्याला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात नेलं असं धरा. ओपीडीतला डॉक्टर त्याला तपासतो, जखमेच्या कडेचा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा काढतो आणि बाटलीत घालून पाठवून देतो. पुढचा निकाल ज्याच्या सहीने येतो, तो डॉक्टर रुग्णाला कधीच दिसत नाही. बाटलीतल्या फॉर्मॅलिनने तुकडा टिकतो. मग त्यातलं पाणी अल्कोहोलने काढून टाकायचं, तिथे मेण भरायचं आणि मायक्रोटोम नावाच्या यंत्राने त्या मेणाच्या ठोकळ्याचे काप काढायचे. एक काप साधारण मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढा जाड. काचेवर घेऊन तो रंगवला की पेशींची केंद्रकं निळी दिसतात आणि बाकीचा भाग गुलाबी. या निळ्या-गुलाबी नक्षीत पेशींची शिस्त कुठे मोडली आहे ते ओळखणं, हे पॅथॉलॉजीवाल्याचं काम. शिवाय शवविच्छेदन, बरण्यांतल्या अवयवांचं संग्रहालय आणि एमबीबीएसच्या पोरांना शिकवणं. पैसा आणि नाव दोन्ही सर्जनकडे जातं, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे.

डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी हेच काम निवडलं. जन्म १३ एप्रिल १८९५. लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये पॅथॉलॉजीत एम.डी. मुंबईत परतल्यावर ते ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि पुढे परळच्या सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात, म्हणजे ज्याला सगळे जी. एस. म्हणतात तिथे, प्राध्यापक झाले. जी. एस.चं वेगळेपण सांगायला हवं. सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या वरच्या जागा त्या काळी इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या, बहुतेक गोऱ्या, अधिकाऱ्यांच्या हाती असत. जी. एस. आणि त्याला जोडलेलं के. ई. एम. रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झालं तेच मुळी इथले शिक्षक भारतीय असावेत या देणगीदारांच्या अटीवर. डॉ. जीवराज मेहता तिथले डीन होते. भारतीय माणसाला स्वतःचा विभाग उभा करायला मिळणं, ही त्या काळात मोठीच गोष्ट होती.

१९४१ मध्ये परळलाच टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं आणि खानोलकर तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख झाले. आता त्यांच्या टेबलावर कर्करोगाच्या काचांची रीघ लागली. कर्करोग हा सुधारलेल्या, श्रीमंत देशांचा रोग, हिंदुस्थानात तो फारसा नाहीच, अशी समजूत तोवर बरीच रूढ होती. आणि पाठ्यपुस्तकं होती विलायतेतल्या रुग्णांवर लिहिलेली. परळच्या काचा त्या पुस्तकांशी जुळत नव्हत्या. इथे तोंडाचे कर्करोग ढिगाने येत होते. १९४४ मध्ये खानोलकरांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठच्या एक हजार रुग्णांचा आढावा अमेरिकेतल्या ‘कॅन्सर रिसर्च’ या नियतकालिकात छापला. लागोपाठचे हजार, म्हणजे निवडून-वेचून घेतलेले नव्हेत. दारात आलेला प्रत्येक जण त्यात होता.

पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, बी. सूर्याबाई या सहकाऱ्यासोबत त्यांनी आणखी एक लेख लिहिला. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामातला हाच लेख सर्वांत वाचनीय आहे. वापर आणि सवयी यांतून उद्भवणारे तीन नवे कर्करोग त्यात मांडले होते. पहिला आंध्रातला. तिथे चुट्टा नावाची चिरूट ओढतात, आणि पुष्कळ जण, त्यांतही बायका, पेटतं टोक तोंडात धरून ओढतात. मग कर्करोग होतो तो टाळूला. दुसरा बिहारमधला. तिथे खैनी, म्हणजे चुना घालून मळलेली तंबाखू, खालचा ओठ आणि हिरडी यांच्या खाचेत धरून ठेवतात. कर्करोग नेमका त्याच खाचेत. तिसरा धोतराचा. कमरेला एकाच जागी वर्षानुवर्षं घट्ट आवळलेलं धोतर, त्यात घाम, धूळ, घासणं. आधी कातडीचा रंग जातो, मग ती जाड होते, मग जखम आणि शेवटी कर्करोग. साडीच्या आणि परकराच्या नाडीखाली हाच प्रकार पुढे अनेक डॉक्टरांना दिसला. अगदी २०२४ मध्येही वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी अशा दोन बायकांची हकिगत एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडली.

यात सूक्ष्मदर्शकाचा वाटा किती? काचेवर तिन्ही कर्करोग जवळपास सारखेच दिसतात, कारण तिन्ही पृष्ठभागाच्या चपट्या पेशींचे. फरक कळतो तो रुग्णाला विचारल्यावर. काय खातोस, काय चघळतोस, कुठल्या गालात धरतोस, रात्री तोंडात ठेवून झोपतोस का, कमरेला काय बांधतोस. प्रयोगशाळेत बसणारा माणूस हे प्रश्न विचारायला लागला, ही खानोलकरांची खरी कामगिरी. लंडनच्या पर्सिव्हल पॉट या सर्जनने १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्या पोरांच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला होता. ती वाट जुनीच होती, पण हिंदुस्थानच्या जाती, प्रांत आणि चालीरीतींच्या जंगलात एवढ्या चिकाटीने ती कोणी चालली नव्हती. पारशी बायकांत स्तनाचा कर्करोग अधिक आणि हिंदू बायकांत गर्भाशयमुखाचा, हेही याच काळात टाटांच्या नोंदींतून दिसू लागलं.

तंबाखू आणि कर्करोग म्हटलं की जगाला आठवतो १९५० मधला डॉल आणि हिल यांचा ब्रिटिश अभ्यास. तो सिगारेटचा आणि फुप्फुसाचा. १९५५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये सांघवी, राव आणि खानोलकर यांचा लेख आला. रुग्णांच्या आणि इतरांच्या सवयी समोरासमोर ठेवून त्यांनी ओढण्याचा आणि चघळण्याचा हिशेब वेगवेगळा मांडला. चघळणाऱ्यांना धोका तोंडाच्या पोकळीत, ओढणाऱ्यांना जिभेच्या मुळाशी आणि घशात. ‘आम्ही कुठे विडी ओढतो, नुसती तंबाखू तर मळतो’ असं म्हणणाऱ्याला उत्तर १९५५ सालीच छापून तयार होतं.

सगळंच काही बरोबर निघालं असं नाही. गुटखा खाणाऱ्या पोरांचं तोंड उघडेनासं होतं, दोन बोटं आत जात नाहीत, तो आजार आपल्याकडे आता गावोगाव दिसतो. डॉक्टर त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. खानोलकर आणि त्यांच्या विद्यार्थिनी सत्यवती शिरसाट यांचा संशय मिरचीवर होता. मिरचीतलं तिखट द्रव्य उंदरांच्या टाळूला लावून त्यांनी प्रयोग केले आणि १९६० मध्ये ते छापले. आज मुख्य गुन्हेगार सुपारी मानली जाते. मिरचीवर आडवा हात मारणाऱ्या आपल्या मराठवाड्याला तेवढाच दिलासा. कुष्ठरोगाचंही तसंच. त्या रोगातल्या अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांचा खानोलकरांनी केलेला सूक्ष्म अभ्यास १९५१ मध्ये छापला गेला आणि तो टिकला. पण त्यांच्या संस्थेत (तिच्याविषयी पुढे येतंच आहे) बापट, रणदिवे या सहकाऱ्यांनी आणि त्यांनी मिळून कुष्ठरुग्णाच्या ऊतीतून वाढवलेला जंतू पुढे वेगळ्याच कुळातला ठरला. त्यातून लस निघाली, चाचण्या झाल्या, तरी खरा कुष्ठजंतू प्रयोगशाळेच्या नळीत आजतागायत कोणाला वाढवता आलेला नाही.

१९५२ मध्ये परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. त्यांनी जमवलेली माणसं पाहा. उंदरांतल्या स्तनाच्या कर्करोगावर काम करणाऱ्या पुण्याच्या कमल रणदिवे, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर बसणाऱ्या शिरसाट, मुंबईतल्या सहा जातीगटांची आनुवंशिक लक्षणं तपासणारे सांघवी. ज्या काळात मुलीला मेडिकलला घालताना बाप दहादा विचार करायचा, त्या काळात या प्रयोगशाळेत बायका स्वतःच्या नावाने संशोधन छापत होत्या. बाकीचे मानसन्मान भरभर सांगतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संघटनेचं अध्यक्षपद, पद्मभूषण, १९६० ते १९६३ मुंबई विद्यापीठाचं कुलगुरूपद. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी ते गेले.

हे चालू होतं तेव्हा बीड कुठे होतं? १९४४ मध्ये बीड निजामाच्या राज्यात होतं. इथल्या मुलाला डॉक्टर व्हायचं तर वाट हैदराबादच्या उस्मानिया मेडिकल कॉलेजची, आणि तिथलं शिक्षण उर्दूतून. औरंगाबादचं मेडिकल कॉलेज १९५६ मध्ये निघालं आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं अंबाजोगाईचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ मध्ये. परळच्या त्या हजार रुग्णांत आपल्याकडचे कोणी असतील-नसतील. पण सवयी आपल्याच होत्या. खैनी म्हणजे आपली मळलेली तंबाखूच. कोयत्यावर निघालेला गडी पहाटे चारला थंडीत बार भरतो, कारण त्याने भूक मरते आणि मोळी उचलायला अंग चालतं. बाई मिसरी लावते, कारण दात दुखतो आणि दातांचा डॉक्टर फडापासून कोसावर. उचल फिटेपर्यंत दवाखाना परवडत नाही. खानोलकरांनी सवयींची यादी केली. ती सवय ज्या कामातून लागते त्याची यादी करणं अजून बरंच बाकी आहे.

आपल्या शिवेवर एक चांगली गोष्टही घडली. ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीत सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या गावागावांत माणसं जाऊन विचारू लागली. रुग्णालयात पोचलेल्यांचीच नव्हे, न पोचलेल्यांचीही नोंद व्हायला लागली. परळच्या नोंदवहीला हेच जमत नव्हतं.

राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. ती कशी पाळली जाते हे टपरीवर जाणाऱ्या कोणालाही मी सांगायची गरज नाही. तेव्हा वाचकांना एवढंच म्हणणं आहे : तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, किंवा घास घ्यायला तोंड पुरतं उघडेनासं झालं, तर हळद-तूप लावून वाट बघू नका. अंबाजोगाईला किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात दाखवा आणि तुकडा काढायला नाही म्हणू नका. तुकडा काढल्याने रोग पसरतो ही निव्वळ अफवा आहे. आणि डॉक्टरने विचारलं नाही तरी तंबाखू कुठल्या गालात धरता ते आपणहून सांगा.

पुढच्या आठवड्यात १९५२ कडेच, पण रक्तपेढीत : जी. एस.च्याच डॉ. य. म. भेंडे यांना सापडलेला, पुढे ‘बॉम्बे’ नावाने जगभर गेलेला रक्तगट.