मेलेला काटा

सकाळी ६:३०. फोन देवबागहून, पॅरासेलिंगच्या बोटीच्या मालकाचा. "मेस्त्री, ट्रिमचो काटो मेलो. नवो गेज मागवतंय."

"इंजिन बटणावर वर-खाली होता मा? मग मागवू नको. मी येतंय."

इंजिन उचललं जातंय म्हणजे पंप, मोटर, रिले ठीक आहेत. ट्रिमचा काटा फक्त इंजिन किती कललंय याची बातमी देतो. पण बातमी बंद पडली की लोक आधी डायलच बदलतात, कारण तो समोर दिसतो आणि पार्सलने येतो.

७:१५. पिशवीत पक्कड, क्रिम्पिंगची पक्कड, चिकट अस्तराच्या हीट श्रिंक नळ्या आणि दोन मल्टिमीटर. एक आकडेवाला, एक जुना काट्याचा. जुना पाहून पोरं हसतात. हसू देत.

८:००. ओहोटी लागलेली. कर्ली समुद्राला मिळते तिथे वाळूचे पट्टे उघडे पडतात. ओहोटीला तांडेल इंजिन उचलत उचलतच बोट काढतात, आणि नांगरल्यावरही पंखा पाण्याबाहेर ठेवतात, नाहीतर त्याला शिंपल्या धरतात. दिवसभर इंजिन दुमडायचं आणि उघडायचं. प्रत्येक वेळी डायलला हा कल कळवणाऱ्या सेंडरची, ब्रॅकेटमधून जाणारी बारीक वायरही त्याच जागी वाकते. माझा संशय तिथेच आहे. तरी सुरुवात डायलपासून करायची, कारण तिथे हात सहज पोचतो.

८:१५. डायलच्या मागे तीन टोकं असतात: आय म्हणजे चावीतून येणारी वीज, जी म्हणजे अर्थ, एस म्हणजे सेंडरची वायर. चावी चालू करून आय आणि जी यांच्यामध्ये मोजलं, १२ व्होल्टच्या वर. म्हणजे डायल उपाशी नाही. आता एसची वायर सुटी केली. काटा एका टोकाला जायला हवा. मग एस आणि जी तारेच्या तुकड्याने जोडले. काटा दुसऱ्या टोकाला जायला हवा. कुठलं टोक वरचं, ते बनावटीप्रमाणे बदलतं. आपल्याला एवढंच बघायचं की काटा पूर्ण फिरतो की नाही. फिरला. मालकाचा चेहरा पडला, कारण ऑर्डर त्याने आधीच टाकली होती.

९:३०. इंजिन पूर्ण वर घेतलं आणि टिल्ट लॉक लावला. तो न लावता ब्रॅकेटमध्ये हात घालणाऱ्याला मी कामावर ठेवत नाही. सेंडर म्हणजे रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखी वस्तू: दांडी फिरली की आतला रोध बदलतो. बाहेरून ठीक दिसला, स्प्रिंगही जिवंत. हात बाहेर काढला, लॉक सोडला आणि कव्हरखालचा जोड काढून त्यावर काट्याचा मीटर लावला. हाताखालच्या पोराला सांगितलं, "हळू खाली घे." ओहमचा काटा सरकत गेला, सरकत गेला, आणि अर्ध्यावर धप्पकन पडला. आणखी खाली गेल्यावर परत उठला. आकडेवाला मीटर अशा वेळी आकडे नाचवतो आणि माणसाला गोंधळात टाकतो. काट्याचा मीटर तुटलेली जागा डोळ्यांसमोर ठेवतो.

पुन्हा वर, पुन्हा लॉक. वायर वाकते तिथे चिमटीत धरून हलवली, मीटर नाचला. इन्सुलेशन अखंड, आत तांबं तुटलेलं. कापल्यावर हिरवा कळंक बाहेर आला, दोन्ही बाजूंना बोटभर चढलेला.

१०:३०. खरं तर वायरीसकट नवा सेंडर बसवावा. पण सीझनमध्ये बोट तेवढे दिवस उभी कोण ठेवणार? चकचकीत तांबं लागेपर्यंत कळंक छाटला आणि कथिलाचा मुलामा असलेली बारीक तारांची वायर मध्ये जोडली. इथे डाग देत नाही; डाग दिलेली जागा कडक होते आणि तिच्या कडेलाच वायर पुन्हा तुटते. क्रिम्प, वर श्रिंक, आणि जोड वाकणाऱ्या जागेपासून लांब. वायरीला थोडी ढील ठेवली.

इंजिन पूर्ण खाली असताना डायल थोडं वर दाखवत होता. पुन्हा वर घेऊन लॉक लावला, सेंडरचे दोन स्क्रू ढिले करून तो किंचित फिरवला; खाली घेतल्यावर काटा तळाला आला.

१२:००. भरतीला पाणी चढलं तशी चाचणी. इंजिन आत घेऊन वेग धरला, नाळ दबली. ट्रिम बाहेर काढत गेलो तशी नाळ उचलली, बोट हलकी झाली. अजून काढलं तर पंखा हवा खातो: आरपीएम चढतो, वेग पडतो. जुना तांडेल हे सगळं कानाने ओळखतो. त्याने डायलकडे पाहिलंही नाही. डायल लागतो तो सीझनपुरत्या आलेल्या पोरांना.

दुपारी जेवण, मग शेजारच्या बोटीचा इम्पेलर. वाळू खाऊन पाती झिजलेली, बदलला, संपलं.

५:३०. हिशोब. मालक कागद उलटापालटा करून बघतो. "नवो भाग काय्येक नाय, मग येवढे कसले?"

"शोधण्याचे."

"शोधण्याचे पैसे कोण देता?"

"मागवलेलो गेज परत जाता काय बघ, तेच्यातून दी."

त्याने तिथेच फोन लावला. पार्सल निघून गेलं होतं. अर्धे पैसे मिळाले, बाकीचे रविवारी.