दहा हजार नावं, माणूस एक

बिटटोरेंटवरून, म्हणजे इतरांच्या संगणकांकडून तुकड्यातुकड्यांनी, १ जीबीची फाईल उतरवली आणि तुकडा २५६ केबीचा धरला, तर ४,०९६ तुकडे होतात. ते पाठवणाऱ्यांपैकी एकाशीही आपली ओळख ना पाळख. तरी आपण निर्धास्त असतो, कारण प्रत्येक तुकड्याचा २० बाइटचा ठसा (हॅश), म्हणजे त्यातल्या मजकुरावरून काढलेला आकडा, आधीच आपल्या हाती असतो. सगळे ठसे मिळून जेमतेम ८० केबी. एवढ्याशा जामिनावर अख्खा माल पारखून घेता येतो.

ठसा १६० बिटचा, म्हणजे संभाव्य ठशांची संख्या ४९ आकडी. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली संख्यांची माळ परार्धावर, म्हणजे १ वर १७ शून्यांवर थांबते. सेकंदाला एक परार्ध बनावट तुकडे घडवणारं यंत्र मिळालं, तरी त्या ४९ आकडी संख्येइतके प्रयत्न करायला विश्वाच्या १३.८ अब्ज वर्षांच्या वयाच्या सुमारे ३३ लाख कोटी पट वेळ लागेल. २०१७ साली ॲम्स्टरडॅमची सीडब्ल्यूआय संस्था आणि गूगल यांनी एकच ठसा असलेल्या दोन फायली घडवल्या खऱ्या, त्यासाठी ९२ परार्ध वेळा ठसे काढले. पण दोन्ही फायली त्यांच्याच होत्या. दुसऱ्याच्या फाईलचा ठसा जुळवणं ही फार पुढची गोष्ट.

ठसा मात्र एवढंच सांगतो, की जे कबूल केलं तेच आलं. कबूल करणाराच लबाड असेल तर? मग माल सोडून माणूस पारखावा लागतो.

१० लाख जणांच्या जाळ्यात प्रत्येकाने इतर प्रत्येकाबद्दल मत द्यायचं म्हटलं, तर ९,९९,९९,९०,००,००० मतं लागतील. बहुतेकांची तर कधी गाठही पडत नाही. २००३ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ‘आयगनट्रस्ट’ या पद्धतीत काढलेली वाट स्थळाची चौकशी करणाऱ्यांना ओळखीची वाटेल: ज्याच्या शब्दाला किंमत त्याला विचारायचं, तो ज्याचं नाव घेईल त्यालाही विचारायचं. फेऱ्या होत गेल्या की प्रत्येकाची पत एका आकड्यावर स्थिरावते.

आता खोगीरभरती बघा. अशा जाळ्यात नवं नाव घ्यायला दमडी पडत नाही. एकाच लबाडाने १० हजार नावं घेऊन प्रत्येक नावाने बाकी सगळ्यांची शिफारस केली, तर शिफारशी होतात ९,९९,९०,०००. नुसत्या शिफारशी मोजणारी पद्धत इथे कोसळते. आयगनट्रस्टची चौकशी मोजक्या, आधीच विश्वासू ठरवलेल्या संगणकांपासून सुरू होते. त्यांच्या गोतावळ्यातून या टोळीबद्दल एकही चांगला शब्द आला नाही, तर त्या जवळपास १० कोटी शिफारशींची किंमत शून्य. या सगळ्या आकड्यांत मला हे शून्य सर्वांत मोठं वाटतं.

पण ते मोजके विश्वासू कोणी ठरवायचे? त्यासाठी मध्ये कोणीतरी लागतोच. या खोगीरभरतीला ‘सिबिल अटॅक’ म्हणतात. बँकेतल्या सिबिल स्कोअरशी त्याचा संबंध नाही. अनेक व्यक्तिमत्त्वं असलेल्या स्त्रीवरच्या १९७३ च्या एका पुस्तकाचं ते नाव. मायक्रोसॉफ्टचे जॉन डूसर यांनी २००२ सालीच दाखवून दिलं, की ओळखीची खात्री देणारी मध्यवर्ती संस्था नसेल, तर एकाने अनेक नावं घेणं व्यवहारात रोखता येत नाही.