लॉन पिवळे पडले? जळगाव-धुळ्यात दोष फक्त मे महिन्याच्या उन्हाचा नाही

जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांकडे सरकू लागला, की बंगल्यापुढच्या लॉनवर पाइप तासन्‌तास सुरू राहतो. गवत पिवळे दिसते, म्हणजे ते उन्हाने मरते आहे, असा आपला सरळ हिशेब असतो. तो बराचसा चुकीचा आहे. आपल्याकडे लॉनला जे गवत सर्रास लावतात, ते खान्देशचा उन्हाळा सोसते. पाणी असूनही त्याची वाढ थांबते ती डिसेंबर-जानेवारीत. त्यातही धुळ्यात जास्त, कारण थंडीच्या लाटेत तिथले किमान तापमान ५-६ अंशांपर्यंत उतरते.

लॉन म्हणजे शेवटी हरळीच

नर्सरीत ‘सिलेक्शन वन’ म्हणून मिळणारे गवत ही हरळीचीच निवडक जात. आपण गणपतीला वाहतो ती दूर्वाही हीच. काळ्या जमिनीतला शेतकरी मात्र तिच्या नावाने कपाळाला हात लावतो. वरून कितीही खुरपा, जमिनीतल्या काड्यांतून ती पुन्हा फुटते. म्हणून तर उन्हाळ्यात खोल नांगरट करून त्या काड्या वर आणतात आणि मे महिन्याच्या उन्हात वाळवतात. मातीखाली झाकलेली हरळी तगते, उघडी पडलेली वाळते. लॉनचे अर्धे उत्तर यातच आहे.

उरलेले अर्धे पानात आहे. गव्हाची पेरणी थंडीत आणि ज्वारी-बाजरीची पावसाळ्यात का, हा प्रश्न तोच आहे. गव्हासारख्या पिकात हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारे विकर गरमी वाढली, की चुकून ऑक्सिजनच जास्त पकडू लागते आणि मेहनत वाया जाते. ज्वारी, मका, ऊस आणि हरळी यांच्या पानात मात्र कार्बन डायऑक्साइड आत ढकलणारा जणू एक पंपच असतो. त्यामुळे २७ ते ३५ अंशांत हरळी जोमाने वाढते. हाच पंप थंडीत मंदावतो. मातीचे तापमान १० अंशांच्या आसपास आले, की वाढ जवळपास थांबते. वर कडक ऊन आणि रात्री गारठा असला, तर हरितद्रव्य तयार होते त्यापेक्षा लवकर नष्ट होते आणि लॉन पिवळे पडते.

विम्बल्डनचे हिरवेगार कोर्ट पाहून तसे बी मागवणाऱ्यांसाठी एक सूचना: तिथे २००१पासून फक्त रायग्रास लावतात. ते गव्हाच्या बाजूचे, १५ ते २४ अंशांत रमणारे. आपल्याकडे हिवाळ्यात ते छान दिसेल, पण एप्रिल काढणे अवघड.

मग मेमध्ये पिवळे का पडते?

पाण्याअभावी. गरम, कोरड्या वाऱ्यात पानांतून पाणी झपाट्याने उडते. मुळांना तेवढे मिळाले नाही, तर हरळी पाने वाळू देते आणि जीव खालच्या काड्यांत राखून ठेवते. ती मेलेली नसते, झोपलेली असते.

आता आकडे पाहू. एक हजार चौरस फूट म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. भर उन्हाळ्यात हिरवेगार ठेवायचे, तर रोज ५ ते ६ मिलिमीटर पाणी लागेल असे धरू. हे झाले दिवसाला साधारण ५०० लिटर, पंधरवड्यात सात हजारांच्या वर. फक्त जगवायचे असेल, तर दोन आठवड्यांतून एकदा १२ मिलिमीटर, म्हणजे अकराशे लिटरच्या आसपास पुरते. नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरांत हा फरक छोटा नाही. दोन-तीन महिने पिवळे लॉन पाहायची तयारी ठेवली, तर टँकर टळू शकतो.

पाणी पहाटे द्या. रोज थोडे शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी भरपूर दिलेले चांगले, त्याने मुळे खोल जातात. उन्हाळ्यात कटिंग थोडे उंच ठेवा, म्हणजे पानांची सावली मातीवर पडते. कृत्रिम टर्फला ही सोय नाही. प्लास्टिकच्या पात्यांतून पाणी उडत नाही, त्यामुळे दुपारी पृष्ठभाग ६० अंशांच्या वर जाऊ शकतो. लहान मुलांना त्या वेळी तिथे अनवाणी सोडू नका.

थंडीत नेमके उलटे होते. लॉन पिवळे दिसले, की लोक युरिया टाकतात, पाणी वाढवतात. वाढ थांबलेली असताना खत बरेचसे वायाच जाते आणि सतत ओल राहिली, तर बुरशी येते. त्यातच तुळशीच्या लग्नानंतर मंगल कार्यालयांचा हंगाम सुरू होतो. हजार पावलांनी तुडवलेले गवत जुलैत आठ-पंधरा दिवसांत भरून येते, जानेवारीत ते टक्कल तसेच राहते.

नवे लॉन लावायचे असेल, तर पहिल्या चांगल्या पावसानंतर जून-जुलैत लावा. डिसेंबरच्या लग्नासाठी नोव्हेंबरअखेर लावलेली हरळी फेब्रुवारीत ऊब येईपर्यंत फारशी पसरत नाही.