शेल स्क्रिप्ट आणि गिट : आज्ञा देण्यापूर्वीची खबरदारी

जानेवारी २०१५ मध्ये लिनक्स प्रणालीवर संगणकीय खेळांचे ‘स्टीम’ हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या एका व्यक्तीच्या सर्व फायली अचानक नाहीशा झाल्या. संगणकाला जोडून ठेवलेल्या बाह्य डिस्कवरील प्रतीही पुसल्या गेल्या. हा विषाणूचा हल्ला नव्हता. सॉफ्टवेअर सुरू करणाऱ्या शेल स्क्रिप्टमधील एका ओळीने हा अनर्थ घडविला होता. कंपनीने नंतर ही त्रुटी दूर केली. परंतु संगणकाला लेखी आज्ञा देऊन काम करून घेणाऱ्या प्रत्येकासाठी या घटनेत धडा आहे.

एका ओळीची चूक

अनेक आज्ञा एका फाइलमध्ये क्रमाने लिहिल्या की शेल स्क्रिप्ट तयार होते. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर १९७९ मध्ये आलेले स्टीफन बॉर्न यांचे शेल आणि ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेले १९८९ मधील बॅश हे या परंपरेतील प्रमुख टप्पे होत. शेल दिलेली आज्ञा तत्काळ अमलात आणते. ‘आरएम’ या आज्ञेने पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही, ती थेट नष्ट होते.

स्टीमच्या स्क्रिप्टमध्ये सॉफ्टवेअरच्या फोल्डरचा पत्ता शोधून तो एका व्हेरिएबलमध्ये ठेवला जात असे. त्या पत्त्यापुढे तिरकी रेघ व तारांकन जोडून आतील सर्व काही पुसण्याची आज्ञा होती. वापरकर्त्याने फोल्डर दुसरीकडे हलविले होते. त्यामुळे पत्ता सापडला नाही आणि व्हेरिएबल रिकामे राहिले. मागे उरली ती केवळ तिरकी रेघ, म्हणजेच संपूर्ण संगणकाचे मूळ. वापरकर्त्याला पुसण्याचा अधिकार असलेली प्रत्येक फाइल त्यात गेली.

स्क्रिप्टसाठी उपयुक्त सवयी

स्क्रिप्टच्या आरंभी ‘सेट -ई’ लिहिल्यास एखादी आज्ञा अयशस्वी होताच स्क्रिप्ट तेथेच थांबते. ‘इफ’च्या अटीतील आज्ञा यास अपवाद आहेत. वरील प्रसंगी पत्ता शोधण्याची आज्ञा फसताच पुढील अनर्थ टळला असता.

‘सेट -यू’मुळे कधीच मूल्य न दिलेले व्हेरिएबल वापरले गेल्यास काम थांबते. रिकामे मूल्य दिलेले व्हेरिएबल मात्र या तपासणीतून सुटते. त्यासाठी महिरपी कंसात व्हेरिएबलच्या नावापुढे अपूर्णविराम व प्रश्नचिन्ह लिहावे; मूल्य रिकामे असल्यास शेल पुढे जात नाही.

फायलींच्या नावांत मोकळी जागा असल्यास शेल एका नावाची दोन नावे करते. म्हणून व्हेरिएबल नेहमी दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवावे. पुसण्याच्या किंवा हलविण्याच्या आज्ञेआधी ‘ईको’ लिहून स्क्रिप्ट एकदा चालवावी. आज्ञा प्रत्यक्षात न येता पडद्यावर दिसते आणि चूक वेळीच लक्षात येते.

गिटचा आधार

फायलींमधील बदलांचा इतिहास जपणाऱ्या गिट या प्रणालीची निर्मिती लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिनक्सच्या गाभ्याच्या विकासासाठी सुरू केली. या प्रणालीत बदलांची नोंद करण्यास कमिट म्हणतात. कमिट करण्यापूर्वी ‘गिट स्टेटस’ व ‘गिट डिफ’ या आज्ञांनी नेमके काय बदलले, हे पाहावे. कमिट लहान ठेवल्यास दोष शोधणे सोपे जाते. ‘गिट बायसेक्ट’ ही आज्ञा प्रत्येक वेळी शोधाचा पल्ला निम्मा करते. त्यामुळे एक हजार कमिटमधून दोषी कमिट सुमारे दहा चाचण्यांत सापडते.

चुकून हरवलेली कमिट ‘गिट रीफ्लॉग’च्या साहाय्याने परत मिळविता येते. मूळ मांडणीनुसार या नोंदी ९० दिवस राहतात. कोणत्याही शाखेतून पोहोचता न येणाऱ्या कमिटच्या नोंदी मात्र ३० दिवसच टिकतात. कमिट न केलेले बदल ‘रीसेट’ आज्ञेच्या ‘हार्ड’ या पर्यायाने पुसले गेल्यास रीफ्लॉग साहाय्य करू शकत नाही. इतरांपर्यंत पोहोचलेले बदल मागे घेताना इतिहास न पुसता ‘गिट रिव्हर्ट’ वापरावे. त्यामुळे सहकाऱ्यांच्या कामात गोंधळ होत नाही.

प्रत दूर ठेवणे आवश्यक

गिटचा सारा इतिहास त्याच फोल्डरमध्ये साठविलेला असतो. २०१५ च्या त्या प्रसंगी फायलींसोबत तो इतिहासही पुसला गेला असता. म्हणून ‘गिट पुश’ने दुसऱ्या संगणकावर प्रत पाठविणे आणि बाह्य डिस्क काम संपताच काढून ठेवणे, या दोन सवयी सर्वांत महत्त्वाच्या ठरतात. जी डिस्क संगणकाला जोडलेलीच नाही, तिच्यापर्यंत चुकीची आज्ञा पोहोचत नाही.