गो-कार्टिंग : ट्रॅकमागचे गणित

सुट्टीत घरी गेल्यावर आमच्यापैकी बरेच कॅडेट एकदा तरी गो-कार्टिंगला जातात. दहा मिनिटे गाडी पळवायची, वेळेचा कागद मित्रांना दाखवायचा आणि पुन्हा रांगेत उभे राहायचे! या खेळात एवढे काय आहे आणि ट्रॅक चालवणाऱ्याला तो परवडतो कसा, हे मी येथे सांगणार आहे.

१९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स यांनी गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन नळ्यांच्या सांगाड्यावर बसवून पहिली कार्ट बनवली. आजही कार्टला सस्पेन्शन किंवा डिफरन्शियल नसते. मागची दोन्ही चाके एकाच आसावर घट्ट बसवलेली असल्यामुळे ती सारख्याच वेगाने फिरतात. वळणावर मात्र बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असते. म्हणून आतले मागचे चाक किंचित उचलले गेले तरच कार्ट सहज वळते. शिवाय आपण जमिनीला जवळजवळ टेकूनच बसतो, त्यामुळे ताशी ५० किलोमीटरचा वेगही भन्नाट वाटतो.

फॉर्म्युला वनचे विश्वविजेते आयर्टन सेना आणि मायकल शूमाकर कार्टिंगमधूनच पुढे आले. शूमाकर यांचे वडील जर्मनीतील केर्पेन येथील कार्ट ट्रॅक सांभाळत, तर आई तेथील उपाहारगृहात काम करी.

आता धंद्याकडे वळू. समजा, ट्रॅकवर १० कार्ट आहेत आणि शर्यत १० मिनिटांची आहे. उतरणे, चढणे, हेल्मेट व सूचना यांना ५ मिनिटे लागली, तर तासाला ४ फेऱ्या होतात, म्हणजे ४० ग्राहक. त्यालाच १० मिनिटे लागली, तर फेऱ्या ३ आणि ग्राहक ३०. जागेचे भाडे, पगार, टायर व देखभाल यांचा खर्च मात्र फारसा कमी होत नाही. त्यातच गर्दी असते शनिवार-रविवारी. म्हणून मधल्या वारी मालक कंपन्यांच्या सहली आणि वाढदिवस शोधतात.

खरी कसोटी इथेच आहे. वेळ वाचवायचा सर्वात सोपा मार्ग म्हणजे सूचना घाईघाईने उरकणे. पण कार्टचा आस आणि चेन चालकाच्या पाठीशीच फिरत असतात. मोकळे केस किंवा ओढणी त्यात अडकली तर जिवावर बेतू शकते. चांगला मालक एक फेरी कमी करतो, पण केस बांधल्याशिवाय, हेल्मेटचा पट्टा तपासल्याशिवाय कोणाला सोडत नाही. पिवळा झेंडा दिसताच वेग कमी करायला लावतो आणि न ऐकणाऱ्याला सरळ खाली उतरवतो.

फायरिंग रेंजवर आदेश मिळेपर्यंत आपण ट्रिगरला हात लावत नाही. तीच शिस्त इथेही हवी. पालकांनीही ट्रॅक निवडताना दराबरोबर एक गोष्ट पाहावी : शर्यत सुरू होण्यापूर्वीची ती पाच मिनिटे तेथे कशी वापरली जातात.